सर एडमंडवर जळणारा मेश्राम

माणूस सहसा जवळच्यांवर जळतो. शेजाऱ्याची नवी गाडी, साडूचं ग्रीन कार्ड, वर्गमित्राचं प्रमोशन. त्यात एक सोय असते. ज्याच्यावर जळायचं तो समोर दिसतो, आणि त्याला सर्दी झाली की आपल्याला जरा बरं वाटतं. सुधाकर मेश्राम मात्र ज्या माणसावर जळत होता तो अठराव्या शतकातच मरून इंग्लंडमधल्या एका चर्चच्या फरशीखाली जाऊन पडला होता. आणि मी मेश्रामवर जळत होतो. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये मत्सराची अशी एक उतरंडच लागली होती आणि तिच्या टोकाला एक गोरा जमीनदार केसांचा टोप घालून बसला होता.

हे नव्वदच्या दशकातलं. मी इंजिनिअरिंगला होतो, मेश्राम इतिहासात. त्या काळी भारतातून आलेला मुलगा इतिहासात पीएचडी करतो म्हटलं की लोक आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या आईवडलांच्या दिशेने सहानुभूतीने बघत. मेश्राम भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. उंच, काटक, कपाळावर कायम एक आठी. त्याच्या टेबलावर निळ्या कोटातली तसबीर होती, शेजारी पितळेची छोटी बुद्धमूर्ती आणि या दोघांच्या समोर, भिंतीवर टाचणीने टोचलेला, एका तैलचित्राचा झेरॉक्स. गुबगुबीत गाल, पांढरे मोजे, पायाशी कुत्रा, मागे झाडं. हे सर एडमंड हॉलविक.

“हा कोण?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“हा?” मेश्राम म्हणाला. “याच्यावर मी जळतो.”

मला वाटलं गंमत करतोय. पण मेश्राम गंमत करताना हसत असे आणि खरं बोलताना भात ढवळत असे. तो भात ढवळत होता.

“रोज सकाळी उठून जळतो. लोक आवड म्हणून पीएचडी करतात, मी जळून करून राहिलो. अरे, हा माणूस खिडकीत उभा राहायचा अन् जिथवर नजर पोचते तिथवर सगळं याचं. टेकडी याची, नदी याची, नदीतला मासा याचा. मासा पकडला तर माणूस तुरुंगात. आमच्या बापाकडे तुळस लावायला जागा नव्हती.”

सहानुभूती दाखवावी म्हणून मी म्हणालो, “आमचीपण कोकणात बरीच जमीन होती रे. कुळकायद्यात गेली.”

“गेली म्हणजे होती ना बे, पुणेकर?” मेश्राम म्हणाला आणि भाताखालचा गॅस बंद केला.

त्या दिवसापासून मी ‘पुणेकर’ झालो, आणि आमची जमीन गेल्याचं दुःख मी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

मेश्रामची बोलण्याची पद्धत अशी की सर एडमंड जणू त्याचा खवचट काका आहे आणि पलीकडच्या गल्लीत राहतो. बसस्टॉपवर कुडकुडत उभे असताना तो एकदम म्हणे, “सरांना काल पुन्हा गाऊट झाला.” नव्याने आलेली मुलं घाबरून विचारत, “कोणत्या हॉस्पिटलमध्ये आहेत?” मेश्राम गंभीरपणे सांगे, “हॉस्पिटल नाही, घरीच. तीन इस्टेटी आहेत, कुठेही झोपू शकतात.”

या तीन इस्टेटी आम्हा सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. पहिली बापाकडून आली, तेव्हा सरांना मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. दुसरी बायकोबरोबर आली. बायको विधवा होती, सरांपेक्षा वयाने थोराड, आणि मेश्रामच्या मते स्वभावाने फार चांगली. “तिला कळत होतं हा जमिनीशी लग्न करतोय. तरी बिचारीनं त्याला मोजे विणून दिले.” तिसरी इस्टेट सगळ्यात झकास. ती गावाचीच जमीन होती, सगळ्यांच्या गायी जिथे चरायच्या ती. सरांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, कुंपण घातलं, आणि गायी बाहेर राहिल्या.

आता माझं दुखणं सांगतो. तिथल्या मराठी लोकांत मी एक वस्तू होतो. दिवाळीचं जेवण असो, कोणाच्या बाळाचं बारसं असो, जेवणं झाली की हाक यायची, “चल रे, नकला कर.” मी कॉन्सुलेटमधला क्लार्क करायचो, विमानात पहिल्यांदा बसलेली मावशी करायचो, एकाच वेळी सासू आणि सून करायचो. काकू लोक डोळे पुसत. मेश्राम आला त्याच वर्षीच्या दिवाळीत मी मावशीचा सीटबेल्ट अडकवून दाद घेतली आणि घामाघूम होऊन बसलो, तेव्हा कोणीतरी निव्वळ सभ्यपणाने मेश्रामला विचारलं, “तुम्ही काय करता?”

मेश्राम उठलाही नाही. बसल्या जागेवरून, हातातलं शंकरपाळं न ठेवता, त्याने सर एडमंडच्या अननसाची हकिगत सांगितली. त्या काळात इंग्लंडात अननस म्हणजे राजाचा थाट. काचेचं घर बांधायचं, खाली शेणखताची ऊब द्यायची, दोन-दोन वर्षं माळ्याने राखण करायची, तेव्हा कुठे एक फळ. शेजारच्या लॉर्डकडे अननस आला आणि सरांची झोप उडाली. त्यांनीही काचघर बांधलं. फळ धरलं. पण कापायचं कसं? कापलं की संपलं. म्हणून ते अननस प्रत्येक मेजवानीला टेबलाच्या मधोमध ठेवायचे, पाहुण्यांनी बघायचं आणि मेजवानी झाली की अननस परत आत. असं करता करता एका रात्री त्याला वास सुटला, आणि पाहुण्यांतल्या एकालाही नाक मुरडायची हिंमत झाली नाही, कारण सगळ्यांचे मळे सरांकडून खंडाने घेतलेले.

मेश्रामने हे सांगताना कोणाची नक्कल केली नाही, आवाज बदलला नाही, फक्त शंकरपाळं टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी देवाशपथ सांगतो, खोलीतल्या सगळ्या लोकांनी त्या शंकरपाळ्याला वास येत असल्यासारखं तोंड केलं. आणि मग जो हशा झाला तो माझ्या मावशीला कधी मिळाला नव्हता. पुढच्या बारशाला हाक आली ती अशी: “मेश्राम, सरांचं काय चाललंय?” मला वाढायला लावलं.

मेश्राम अभ्यास कागदावर कमी आणि जमिनीवर जास्त करायचा. आमच्या हॉलमधल्या करड्या गालिच्यावर त्याने सरांची पहिली इस्टेट मांडली होती. तूरडाळ म्हणजे गव्हाची शेतं, मूग म्हणजे कुरणं, तांदळाची रेघ म्हणजे सरांनी ओढा अडवून केलेला तलाव. वाडगं पालथं घालून टेकडी. भारतीय सामानाचं दुकान तासभराच्या ड्राइव्हवर, त्यामुळे घरात डाळ संपली की मी सरळ गालिच्यावरून उचलायचो. एकदा जेवताना मेश्राम थबकला. “पुणेकर, हे वरण कशाचं?”

“दक्षिणेकडच्या शेताचं.”

“ते यंदा पडीक होतं,” तो म्हणाला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

या गालिच्यावरच ती गोष्ट घडली, जिच्यामुळे मेश्रामची पीएचडी अडकली. सर एडमंडच्या बंगल्यासमोर एक खेडं होतं. मजुरांची घरं, डुकरं, धूर. खिडकीतून दिसायचं ते सरांना खपेना. त्यांनी ते खेडं उठवलं आणि त्या जागी हिरवळ केली. इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत होतं. ती माणसं नेऊन कुठे ठेवली, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हतं. ज्यांनी शोधलं ते रस्त्याच्या कडेने शोधत गेले, कारण खेडं म्हणजे रस्ता हवाच. सापडलं नाही, तेव्हा त्यांनी लिहिलं की लोक पांगले असावेत.

मेश्राम एका रविवारी दुपारभर त्या डाळींसमोर मांडी घालून बसला होता. मग त्याने मला विचारलं, “तिकडं वारा कुठून येतो?”

“कुठे?”

“इंग्लंडात.”

“मला काय माहीत? पश्चिमेकडून येत असेल, समुद्र तिकडे आहे.”

“आमच्या गावात आमची वस्ती कोणत्या अंगाला आहे?”

“मेश्राम, मी तुझ्या गावाला आलेलो नाही.”

“पूर्वेला. कोणत्याही गावात जा, पूर्वेलाच. काऊन? वारा पश्चिमेचा. त्यांच्यावरून वारा आमच्याकडं आला तर चालते, आमच्यावरून त्यांच्याकडं जायला नको.” त्याने पालथ्या वाडग्याच्या मागे, उजव्या हाताला, बोट टेकवलं. “इथं ठेवले त्यानं. टेकडीच्या मागं, पूर्वेला. दिसायला नको अन् वास यायला नको. रस्त्याचा काय संबंध? रस्ता कोण देते?”

पुण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, पण वाऱ्याला असा पत्ता असतो हे मला कधी कळलं नव्हतं.

त्याच्या गाइडने ऐकून घेतलं. म्हणाला, “सुंदर आहे. पण हा पुरावा नाही.” जागेवर जाऊन काही दिसलं तर अध्याय ठेव, नाहीतर काढून टाक. आणि अध्याय काढला तर मग उरलं काय? सरांची तैलचित्रं, सरांचा अननस, सरांचे मोजे. मेश्राम म्हणाला, “म्हणजे मी एवढी वर्षं त्याच्यावर जळून शेवटी त्याचीच आरती करायची?” इंग्लंडला जायला ना विभाग पैसे देत होता, ना मेश्रामकडे होते. त्याला फक्त एकदा त्या टेकडीच्या मागे जाऊन उभं राहायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

अशा वेळी डॉक्टर हॉलविक प्रकट झाले. गावाबाहेर टेकडावर राहणारे दाताचे डॉक्टर. आपण थेट सर एडमंडच्या वंशातले, असा त्यांचा विश्वास होता, आणि घराच्या फाटकावर पितळी पाटी होती. ‘हॉलविक हॉल’. त्यांनी युनिव्हर्सिटीत फोन करून विचारलं, आमच्या पूर्वजावर इथे कोणी तज्ज्ञ आहे का? आणि त्यांच्या दारात हजर झाला मेश्राम, स्वेटरखाली माझा टाय लावून. गाडी माझी होती म्हणून बरोबर मी.

डॉक्टरांनी दार उघडलं आणि आमच्या दोघांच्याही मागे बघितलं, तज्ज्ञ कुठे राहिला म्हणून.

पण दहा मिनिटांत मेश्रामने त्यांना खिशात टाकलं. सरांच्या कुत्र्याचं नाव काय, सर सूप पिताना आवाज कसा करत, सगळं. डॉक्टर आनंदाने लाल झाले. उन्हाळ्यात सगळ्या हॉलविकांना घेऊन ते इंग्लंडला निघाले होते, सरांच्याच बंगल्यात उतरणार होते. जाता जाता सहज म्हणाले, “यू मस्ट कम विथ अस. आमचे पाहुणे म्हणून. रोज संध्याकाळी आम्हाला सरांबद्दल सांगा.”

मेश्राम परतीच्या वाटेवर गाडीत गात होता. हो, गात होता, आणि वाईट गात होता. मी जळून कोळसा झालो. मलाही कोणी सहज इंग्लंडला न्यावं असं काय कमी होतं माझ्यात? मावशीच्या नकला इंग्रजीत मी त्याच आठवड्यात बसवायला घेतल्या. मेश्रामने व्हिसा काढला, सेकंडहँड दुकानातून रेनकोट आणला आणि तो घालून तो घरात भांडी घासू लागला, सवय व्हावी म्हणून.

निघण्याआधी डॉक्टरांनी सगळ्या कुटुंबाला जेवायला बोलावलं आणि मेश्रामला बोलायला सांगितलं. लांबलचक टेबल. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला त्यांची म्हातारी आई, मध्ये मुलं, सुना, जावई. मेश्राम उभा राहिला. तलाव, ओकची झाडं, विधवेचे मोजे, अननस. लोक खूश. हिरवळीचं वर्णन तर त्याने असं केलं की एका सुनेने डोळे मिटून घेतले. बसायचंच बाकी होतं, इतक्यात पलीकडच्या टोकाकडून म्हातारीचा आवाज आला.

“हिरवळीच्या आधी तिथे काय होतं?”

मी मेश्रामकडे बघितलं. गवत, असं म्हणायचं होतं. गवत आणि थँक यू. विमानाची सीट तिथे, त्या एका शब्दावर, तयार होती.

मेश्राम म्हणाला, “घरं होती, मॅडम.”

“त्यांचं काय झालं?”

मेश्रामने टायची गाठ सैल केली आणि पावाच्या गोळ्यांची टोपली उचलली. डॉक्टरांच्या ताटासमोर त्याने एकेक गोळा मांडला. “हे खेडं. डॉक्टर, तुम्ही सर एडमंड. तुमची खुर्ची म्हणजे बंगल्याची खिडकी. काय दिसतं?”

“ब्रेड,” डॉक्टर हसत म्हणाले.

मग मेश्रामने एकेक गोळा उचलला. टेबलाच्या मधोमध भाजलेल्या मांसाचा भलामोठा तुकडा होता, त्याच्या मागे नेऊन ठेवला. घाई नाही, भाषण नाही. एक, आणि मग दुसरा. सगळे गोळे गेले तेव्हा डॉक्टरांसमोर नुसता पांढरा टेबलक्लॉथ राहिला.

“आता?”

“आता काही नाही,” डॉक्टर म्हणाले. ते हसत नव्हते.

“तुमच्या पूर्वजांनी हे विकत घेतलं, डॉक्टर. काही न दिसणं.”

म्हातारीसमोर मात्र सगळे गोळे येऊन पडले होते. ती त्यांच्याकडे बघत होती. “माझे वडील कोळशाच्या खाणीत होते,” ती म्हणाली. “आमची घरं अशीच मागे होती. धूर ज्या बाजूला जायचा त्या बाजूला.” आणि तिने एक गोळा उचलून त्याला लोणी लावलं.

डॉक्टरांनी नॅपकिनने तोंड पुसलं आणि डिझर्ट दुसऱ्या खोलीत आहे असं जाहीर केलं.

गाडीत मी फटाक्यासारखा फुटलो. “अरे, परत आल्यावर सांगायचं होतंस! आधी जाऊन यायचं, मग क्रांती करायची!”

“म्हातारीनं विचारलं ना बे.”

“मग?”

“अरे, ते लोक कुठं गेले हे मला आजवर कोणी विचारलं होतं का? पहिल्यांदा एका बाईनं जेवता जेवता विचारलं. मी काय म्हणू, पुडिंग छान आहे?”

दुसऱ्या दिवशी फोन आला. व्हॅनमध्ये सगळ्या सीट भरल्या, सो सॉरी. मेश्रामने रेनकोट खुंटीला लावला. गालिच्यावरच्या डाळी भरून ठेवल्या. मग हॉलविक मंडळी इंग्लंडला गेली आणि मेश्राम इथे खुर्चीत बसून त्यांच्यावर जळू लागला. “आता ते बंगल्यात पोचले असतील. आता तो तलाव बघून राहिले असतील, अन् डॉक्टरला तलाव म्हणजे स्विमिंग पूल वाटत असेल.” माझं शिक्षण संपलं होतं, दूर शुगर लँड नावाच्या गावात नोकरी लागली होती, मी खोकी भरत होतो. ती नोकरी मिळाल्यावर तरी मेश्राम माझ्यावर थोडा जळेल अशी मला आशा होती. त्याने “छान” म्हटलं. त्याचा सगळा मत्सर सरांनी आधीच बुक करून ठेवला होता.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. डॉक्टर हॉलविक. नाक उन्हाने सोललेलं, चेहरा रागावलेला. ते आत आले, फोटोंचं पाकीट टेबलावर आपटलं आणि म्हणाले, “माझ्या आईने मला तिथे एक दिवस सुखाने जगू दिलं नाही. रोज सकाळी एकच प्रश्न, टेकडीमागे गेलास का? शेवटच्या दिवशी गेलो. तिचं तोंड बंद करायला.”

मेश्रामने फोटो एकेक करून बघितले. गवत, मेंढ्या. आणि गवताखाली उंचवटे, समोरासमोर दोन रांगांत, मधून खोलगट वाट. एका फोटोत जमिनीतून वर आलेला दगड, मधोमध झिजलेला. उंबऱ्याचा दगड, हे मलाही कळलं.

त्याने आभार मानले नाहीत. त्याने विचारलं, “तुम्ही इथे उभे होतात?”

“हो.”

“या दगडावर?”

“हो, अर्थात.”

मेश्रामचा चेहरा मी विसरणार नाही. त्याचा अध्याय बचावला होता, त्याचं बोट बरोबर निघालं होतं, आणि त्याला त्या दाताच्या डॉक्टरचे नुसते बूट बघवत नव्हते. जे बूट तिथे जाऊन आले होते ते. त्याने तो फोटो बाजूला ठेवला. मग म्हणाला, “वारा कुठून होता?”

“वारा? मला आठवत नाही.”

“तोंडावर की पाठीवर?”

“मी वाऱ्याकडे लक्ष... थांबा. टोपी. माझी टोपी उडाली.”

“कुठं?”

पुढे प्रबंधात तो अध्याय राहिला, गाइडने फोटो बघून मान हलवली, आणि कुठल्याशा शिष्यवृत्तीवर मेश्राम स्वतःही तिथे जाऊन आला, हे सगळं मला नंतर शुगर लँडमध्ये फोनवर कळलं. भेट मात्र झाली नाही. मला मेश्राम आठवतो तो त्याच संध्याकाळचा. मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन लाँड्री रूममधून बाहेर आलो तर खाली पार्किंग लॉटमध्ये दोघं उभे. कोणाचा तरी पिकअप ट्रक म्हणजे सरांचा बंगला. कचऱ्याचा हिरवा डंपस्टर म्हणजे टेकडी. डंपस्टरच्या मागे डॉक्टर, पाठ ट्रककडे, डोक्यावर अदृश्य टोपी.

“अगेन!” मेश्राम ओरडला.

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, टोपी उडाली, ते तिच्यामागे धावले. ट्रकपासून दूर, पूर्वेकडे, मावळतीचं ऊन पाठीवर घेत. मेश्राम टाळ्या वाजवत हसत होता. एवढा हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

“अगेन!”

“आता तू हो टोपी,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले. “माझ्याने होत नाही.”

आणि मेश्राम टोपी झाला. हात पसरून, डोळे मिटून, लांब लांब ढांगा टाकत तो त्या पार्किंग लॉटमधून उडत गेला आणि डॉक्टर त्याच्यामागे धावले. शेजारच्या दोन बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. ओले कपडे घेऊन मी जिन्यात तसाच उभा होतो. मला कोणी बोलावलं नाही.

टोपीचं काम मी त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं असतं.